हृदयासाठी जांभूळ-डाळिंब ज्यूस की खानापूरची जांभळं? बाटलीला दीड स्टार, बुट्टीला साडेचार

आधीच सांगते, कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहिणार नाही, उगाच कुणाशी भांडण नको, आणि तसंही अशा बाटल्या आता बेळगावात दर दोन दुकानांआड दिसायला लागल्यात, नाव बदललं तरी मजकूर तोच. जांभूळ, डाळिंब, करवंद, "सुपरफ्रूट", काळपट जांभळा रंग, वर लाल बदाम, त्यातून जाणारी ईसीजीची रेघ आणि खाली कन्नडमध्ये "हृदयक्के ओळ्ळेयदु", म्हणजे हृदयाला चांगलं. ७५० मिलीची काचेची बाटली, ५४० रुपये. आमच्या घरी तीन आल्या. पहिल्या दोन दिरांनी आणल्या, तिसरी आणायला मी गेले, आणि तिथे जे ऐकलं त्यामुळे हे लिहायला बसलेय.

कुणासाठी आणल्या ते सांगते म्हणजे कळेल. आमचे सासरे, सगळे अण्णाच म्हणतात, वडगावात माग चालवायचे. चार पॉवरलूम होते, आता दोन चालतात, तेही एक माणूस ठेवून. दिवाळीनंतर जिना चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, गॅस म्हणून आठ दिवस काढले, मग अँजिओग्राफी, मग एक स्टेंट. आता रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, बीपीची एक. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले शुगर पण बॉर्डरवर आहे, सांभाळा. अण्णा कॉटवरूनच म्हणाले, "डॉक्टर, आम्ही ५६ सालापास्नं बॉर्डरवरच हाय की ओ." नर्सला काही कळलं नाही, डॉक्टर मात्र हसत हसत बाहेर गेले.

तर अशा माणसासाठी दिरांनी प्रेमाने बाटली आणली. मी डी.फार्म केलेली, पंधरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी राहते, पण घरात माझं कोण ऐकतंय, घरातलं माणूस म्हणजे घरातलंच. दिरांना मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता, नसा आतून धुऊन निघतात वगैरे. मी पण म्हटलं जाऊ दे, फळाचाच रस आहे, विष तर नाही.

चवीचं आधी सांगते कारण तिथे खोटं बोलायचं नाही. चव छान आहे. थंड करून प्यायलं तर आधी गोड, मग डाळिंबाचा आंबटपणा आणि शेवटी घशाला जांभळाचा तुरटपणा किंचित लागतो. नातवंडांनी तर अण्णांच्या नावावर अर्धी बाटली संपवली. पण मला एक गोष्ट खटकली, जीभ रंगत नव्हती. जांभूळ खाल्लं आणि जीभ जांभळी झाली नाही असं कधी झालंय का? शाळेत असताना वाटेत जांभळं खाऊन घरी खोटं बोलायची सोय नव्हती, आई म्हणायची जीभ काढ. आणि इथे तीन ग्लास प्यायलेल्या पोराची जीभ गुलाबी ती गुलाबी. तेव्हा मी चष्मा लावून मागचं लेबल वाचायला घेतलं.

आपल्याकडे पाकिटावर घटक लिहायचा नियम असा आहे की वजनाने जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं पाणी. दुसरं सफरचंदाचा आटवलेला रस. तिसरी साखर. चौथ्या नंबरवर आमचं जांभूळ, ११ टक्के गर. डाळिंब ५ टक्के, करवंदाचा अर्क २ टक्के, मग ३३० नंबर म्हणजे सायट्रिक ॲसिड आणि २११ नंबर म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकण्यासाठी. ह्या दोन नंबरांवर माझा काही राग नाही, ते ठरलेल्या प्रमाणात चालतात. राग हिशोबावर आहे. ७५० मिलीचे ११ टक्के म्हणजे साधारण ८० ग्रॅम. गणपत गल्लीत ह्या जूनमध्ये मी ६० रुपये पावकिलोने जांभळं घेतली, त्या भावाने ८० ग्रॅमचे होतात वीस रुपये सुद्धा नाहीत. डाळिंबाचे अडतीस मिली, म्हणजे एका डाळिंबाचा अर्धा रस पण नाही. बाकी ५४० मधले पैसे काचेला, बदामाला आणि ईसीजीच्या रेघेला.

साखर बघा. १०० मिलीला १३ ग्रॅम. आमचा स्टीलचा पेला २०० मिलीचा, म्हणजे २६ ग्रॅम, म्हणजे साडेसहा चमचे. आतल्या कागदावर लिहिलंय दिवसातून दोन ग्लास घ्या, म्हणजे ५२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेली वगैरे, २००० कॅलरी खाणाऱ्याला ती ५० ग्रॅम होते, आणि त्यातही २५ पर्यंत आणली तर जास्त बरं. म्हणजे ह्यांचे दोन ग्लास घेतले की अण्णांचा सकाळचा चहा सुद्धा हिशोबात बसत नाही. आणि कुणी म्हणेल की ज्यूसमधली साखर नैसर्गिक आहे, तर ती संघटना फळाच्या रसातली साखर पण मोकळ्या साखरेतच धरते. अख्ख्या फळातली धरत नाही. कारण चावून खाल्लेल्या फळात चोथा असतो, साखर हळू उतरते, पोट भरतं, दोन डाळिंबं सोलता सोलताच माणूस कंटाळतो. रसाचं तसं नाही, तो घटाघट जातो.

दिरांनी आणलेल्या पहिल्या बाटलीवर "१०० टक्के फळांचा रस" असा गोल स्टिकर पण होता. आटवलेल्या रसात परत पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवर १०० टक्के लिहू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, जून २०२४ मध्ये सगळ्या कंपन्यांना सांगितलंय. इथे तर वर साखर पण घातलेली. तिसऱ्या बाटलीवर तो स्टिकर नव्हता, कुणीतरी टोकलं असावं. चला, तेवढं बरं.

आता तिसऱ्या बाटलीचं. अण्णांना चव आवडली होती आणि म्हाताऱ्या माणसाला स्टेंटनंतर काही आवडणं हीच मोठी गोष्ट, मीठ कमी, तेल कमी, कुंदा बंद, मांडे बंद. म्हणून मीच गेले. दुकान चकाचक, एसी, ऑरगॅनिक वगैरे. काउंटरवरचा पोरगा बावीस-तेवीसचा असेल, बोलायला गोड. मी मुद्दामच विचारलं, "घरात हार्टचे पेशंट हाईत, चालतंय काय?" तो म्हणाला, "चालतंय काय म्हणजे, त्याच्यासाठीच हाय ओ मॅडम. स्टेंटवाले किती जण नेतात. तीन महिने घेतला की कोलेस्टेरॉलची गोळी हळूहळू बंद करता येते."

मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले. त्याला मी फार्मासिस्ट आहे हे सांगितलं नाही. फक्त विचारलं की हे कुणी सांगितलं, तर म्हणाला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये. पोराला काय बोलणार, त्याला जे शिकवलं ते तो पोपटासारखं बोलतोय. पण हे किती धोक्याचं आहे हे मी रोज बघते. स्टेंट बसलेल्या माणसाने मनाने गोळ्या सोडल्या तर काय होतं ते सांगायला मला ज्यूसच्या कागदाची गरज नाही. हृदयरोग बरा करतो असली जाहिरात औषधांच्या नावाने करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींचा तो कायदा. म्हणून बाटलीवर तसं छापत नाहीत, तिथे फक्त "चांगलं". गोळी बंद करायचं तोंडी सांगतात, त्याचा कागद नसतो.

दीड स्टार का, एक का नाही, ते शेवटी सांगते.

बाटलीबरोबर एक घडीचा रंगीत कागद येतो. तो मी अण्णांना वाचून दाखवला कारण त्यांना सगळं समजून घ्यायचं असतं. त्यात लिहिलंय अँटिऑक्सिडंट फ्री रॅडिकल्सशी लढतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे काय ते मराठीत सांग." मी सांगितलं, रक्तातलं जे वाईट कोलेस्टेरॉल असतं, एलडीएल, ते नुसतं फिरत असतं तोवर ठीक, पण ते नसेच्या भिंतीत शिरून तिथे खराब होतं, लोखंडाला गंज चढतो तसं, मग शरीरातल्या पेशी तो गंजलेला माल गिळत बसतात, फुगतात आणि तिथे थर जमतो, तोच तुमचा ब्लॉक. आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे गंज धरू न देणारं. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग तेल घालायचं की."

खरं सांगू का, शास्त्रज्ञांनी पण बरीच वर्षं असाच विचार केला होता. गंज आहे ना, मग गंजरोधक द्या. व्हिटॅमिन ई हे चांगलं अँटिऑक्सिडंट, ते साडेनऊ हजार हृदयाच्या जोखमीतल्या माणसांना साडेचार वर्षं देऊन बघितलं, होप नावाची मोठी चाचणी, २००० साली निकाल आला, ॲटॅक काही कमी झाले नाहीत. त्याच्या आधी १९९४ मध्ये फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुफ्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला दिसला. म्हणजे मागाला तेल घालायचं तर ते कुठल्या भागाला आणि किती हे कळायला पाहिजे, नाहीतर कापडाला डाग. हे शेवटचं वाक्य अण्णांचं, माझं नाही.

कागदावर एक तक्ता पण आहे, ओरॅक नावाच्या आकड्यांचा, कुठल्या फळात किती अँटिऑक्सिडंट शक्ती. बघायला भारी वाटतं. पण ते आकडे परीक्षानळीत मोजलेले असतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानेच त्यांची ओरॅकची यादी २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकली, कारण हे आकडे माणसाच्या शरीरात काय होतं ते सांगत नाहीत आणि कंपन्या मात्र ते पाकिटावर छापत सुटल्या होत्या. आपल्याकडे अजून छापतात.

मग दुसरी ओळ, "डाळिंबाच्या रसाने नसांमधला थर ३० टक्के कमी". हे अगदी हवेतून काढलेलं नाही, म्हणूनच जास्त फसवं आहे. २००४ साली इस्रायलमध्ये मानेची नस अरुंद झालेल्या पेशंटवर अभ्यास झाला, डाळिंबाचा रस पिणाऱ्यांच्या नसेच्या भिंतीची जाडी वर्षभरात ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं आलं. पण रस पिणारे किती? दहा. न पिणारे नऊ. आमच्या गल्लीतल्या भिशीत याहून जास्त बायका आहेत. पुढे २००९ मध्ये मोठा अभ्यास आला, २८९ माणसं, रोज २४० मिली, दीड वर्षापर्यंत, अर्ध्यांना खरा रस आणि अर्ध्यांना तसाच दिसणारा खोटा. सगळ्यांचं मिळून बघितलं तर थर वाढायच्या वेगात फरक नाही. हा दुसरा अभ्यास कागदावर नाही, अर्थातच. डाळिंबाच्या रसाने वरचं बीपी थोडं उतरतं असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, तेवढं त्याच्या पदरात टाकायला हरकत नाही.

आणि अमेरिकेत ह्याच डाळिंबाच्या ज्यूसवरून एका मोठ्या कंपनीवर सरकारी व्यापार आयोगाने केस केली होती, हृदयाचे दावे सिद्ध न करता जाहिराती केल्या म्हणून. २०१० मध्ये सुरू झालेली, २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कंपनीचं अपील ऐकायलाच नकार दिला. म्हणजे हा खेळ काही आपल्याकडचाच नाही.

आता कुणी म्हणेल ही बाई फळांच्याच विरोधात आहे. अजिबात नाही ओ. जांभळाला, करवंदाला, काळ्या द्राक्षाला, ब्लूबेरीला जो गडद रंग असतो तो अँथोसायनिनचा, जिभेला चढतो तोच. अमेरिकेतल्या ९३ हजारांवर नर्सबायकांचं खाणंपिणं १८ वर्षं नोंदवलं, २०१३ मध्ये छापून आलं, त्यात ज्यांच्या खाण्यात हे अँथोसायनिन सगळ्यात जास्त त्यांच्यात हार्ट ॲटॅक ३२ टक्के कमी. ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा खाणाऱ्यांचं पण तसंच काहीतरी. आता ह्यात मेख अशी की जी बाई आठवड्यातून तीनदा फळं विकत आणून खाते ती सहसा चालायला पण जाते, सिगारेट ओढत नाही, तिच्याकडे पैसा आणि वेळ पण असतो. संशोधकांनी ते सगळं हिशोबात धरलं होतं, तरी अशा अभ्यासातून फळामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण दिशा बरी आहे. शरीरात हे रंग फार थोडेच जसेच्या तसे रक्तात जातात, बाकीचे आतड्यातले जंतू फोडून त्याची वेगळी द्रव्यं करतात, आणि ती नसांचं अस्तर सैल, लवचिक ठेवायला मदत करत असावीत असा आता विचार आहे. म्हणजे गंजाची गोष्ट अर्धीच. डाळिंबातल्या टॅनिनचं, म्हणजे तुरट द्रव्याचं, तर असं आहे की त्यापासून होणारं पुढचं द्रव्य सगळ्यांच्या पोटात सारखं तयारच होत नाही, कुणाच्या जास्त, कुणाच्या जवळजवळ नाहीच, ज्याचे त्याचे जंतू.

आणि ह्या सगळ्या अभ्यासातलं फळ म्हणजे फळ, साखरेच्या पाण्यात ११ टक्के नव्हे.

म्हणून तिसरी बाटली न घेता मी तिथून बाहेर पडले, खोटं कशाला, घेतली, कारण अण्णा वाट बघत होते, पण येताना गणपत गल्लीतून आले. तिथे कोपऱ्यावर खानापूरकडच्या मावशी बसतात, जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आसपास. बुट्टीत खाली जांभळाचीच पानं, वर जांभळं, त्यावर ओलं फडकं. बारकी, काळीभोर, काही फुटलेली, त्यावर एकदोन मुंग्या. मी विचारलं कुठली ओ, म्हणाल्या, "जांबोटीकडची, काल दुपारी झाडावर होती. चाखून बघा की." चाखलं. बी मोठी आणि गर थोडा, पण गर म्हणजे गर, अर्धा गोड, अर्धा तुरट, तोंडाला अशी मिठी बसली की दुसऱ्या जांभळाशिवाय सुटली नाही. शेजारी टोपलीत टपोरी, बी लहान असलेली संकरित पण होती, ८० रुपये पाव. दिसायला देखणी पण नुसती गोड, पाणचट. मी बारकीच घेते.

मावशी जांभळावर मिठाची पुडी देतात, फुकट. "मीठ घालू काय वर?" म्हणून हात पुढे पण केला होता. इथे मात्र थांबायचं. जांभळाला मीठ लागतं हे मलाही माहीत आहे, त्याशिवाय मजा नाही, पण बीपीच्या माणसाला हृदयासाठी फळ द्यायचं आणि वर चमचाभर मीठ भुरभुरायचं म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. अण्णांना मी मिठाशिवाय देते. पहिल्या दिवशी म्हणाले ह्यापेक्षा उपास बरा. चौथ्या दिवशी स्वतःच ताटली घेऊन बसले. एका वेळी मूठभर, साधारण शंभर ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात दिवसाला फळं शंभर ग्रॅमच सांगितलीत आणि भाज्या चारशे, तेव्हा जांभळाच्या नादात दोडका-भेंडी विसरू नका.

मावशींना साडेचारच का, पाच का नाही? कारण तळातली आठ-दहा जांभळं कायम चिरडलेली निघतात, आणि सुट्टे पैसे नसतात, आणि यूपीआय विचारलं की शेजारच्या फुलवाल्याकडे बोट दाखवतात. आणि तो हंगाम जेमतेम महिनाभर. पावसाने जोर धरला की संपलं. बाटली बारा महिने मिळते, हे तिचं एक आहे.

मग बाकीचे अकरा महिने काय, असं जाऊबाईंनी विचारलंच. तर आपल्याकडे काय कमी आहे का. एप्रिल-मेमध्ये करवंदं, कणकुंबी-चोर्ल्याकडून येतात, पानाच्या द्रोणात, चीक हाताला चिकटतो पण ताजी खावीत, लोणच्यात मिठाचा मारा असतो. कोकम चांगलं, पण आगळ विकत घ्याल तर ते खारवलेलं असतं आणि सरबत घ्याल तर साखरेत बुडवलेलं, म्हणून सुकी आमसुलं आणून रात्री पाण्यात भिजवायची, सकाळी कोळून प्यायचं, जिरेपूड घालून. थंडीत आवळा, मीठ न लावता नुसता, मोरावळा नको. मग अथणी-तिकोट्याकडची द्राक्षं. डाळिंब सोलापूरकडचं जवळजवळ वर्षभर असतंच, दाणे खायचे, रस काढायचा नाही, ज्यूस सेंटरला तर नाहीच, तो समोरच दोन डाव साखर ओततो. सुपरमार्केटमध्ये ब्लूबेरीची डबी बघितली, १२५ ग्रॅमला तीनशेच्या वर, परदेशातून आलेली. ठेवून दिली परत.

एक गोष्ट मात्र नीट वाचा, कारण ही मला काउंटरवर दर गणपतीला सांगावी लागते. पपनस. गणपतीच्या आधी खानापूर आणि कोकणाकडून ढिगाने येतात, कन्नडवाले चक्कोत म्हणतात. फळ म्हणून उत्तम. पण पपनस हे ग्रेपफ्रूटचं सख्खं नात्यातलं, आणि त्यात असं एक द्रव्य असतं जे आतड्यातलं औषध फोडणारं यंत्र बंद पाडतं. मग ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी घेतलेली असेल तर ती रक्तात ठरल्यापेक्षा जास्त साचू शकते, अंग दुखतं, मांड्या दुखतात, क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते. आणि एक दिवस आधी खाल्लेलं सुद्धा चालत नाही, परिणाम दिवसाहून जास्त राहतो, त्यामुळे गोळी रात्री आणि पपनस सकाळी असं गणित मांडू नका. रोसुव्हास्टॅटिनवर हा परिणाम फारसा होत नाही. आपली गोळी कुठली ते पाकिटावर बघा आणि डॉक्टरांना विचारूनच खा. अण्णांची ॲटोरव्हास्टॅटिन आहे, म्हणून ह्या वर्षी पपनस गणपतीसमोर राहील, मखराला टांगू, पण अण्णांच्या ताटात नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे देवाला चालतंय आणि मला नाही." म्हटलं देव कुठे गोळी घेतोय.

किडनीचा त्रास असेल तर डाळिंब वगैरे पोटॅशियमवाली फळं पण विचारूनच. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू असेल तर रोजचं खाणं एकदम बदलू नका, कुठला ज्यूस नव्याने सुरू करायचा तरी सांगून करा.

दीर अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, अण्णांचा रिपोर्ट चांगला आला तो ज्यूसनेच. मी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. एलडीएल १६८ होतं ते ७४ वर आलं, पण ती दुसरी तारीख फेब्रुवारीतली आणि पहिली बाटली घरात आली एप्रिलमध्ये. दीर म्हणाले, "बरं, पण बाटली पण वाईट नाही ना?" ह्यावर मी काही बोलले नाही, कारण पैसे त्यांनी घातलेत आणि मनात काही वाईट नव्हतं.

अर्धा स्टार जास्त का दिला ते राहिलंच. बाटलीसाठी. जाड काच, मोठं तोंड, पत्र्याचं झाकण आत रबर लावलेलं, गळत नाही, धुवायला सोपी. पहिल्या दोन मी गूळपाकाला आणि चिंचेच्या कोळाला घेतल्या. तिसरी शोधत होते, मिळेना. परवा शेडमध्ये गेले तर खिडकीत ती उभी, निम्म्यापर्यंत मशीनचं तेल, झाकणाला खिळ्याने भोक पाडून नळी बसवलेली. लेबल काढलेलं नाही. लाल बदाम तसाच, "हृदयक्के ओळ्ळेयदु" तसंच. अण्णा खाली वाकून मागाच्या दांड्यात तेल सोडत होते, जीभ जांभळी.